आमचा फोन एंगेज होता

मित्रमैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या घरी इंटरनेट कधी लावतात? सकाळी की संध्याकाळी?

हसलात ना? "लावायचं कशाला? ते असतंच की!" असंच म्हणाल तुम्ही. बरोबर आहे तुमचं. पण मी तुमच्याएवढी होते ना, तेव्हा आमच्या घरी इंटरनेट लावावं लागायचं. अगदी कुकर लावतात तसं. लावायचं, शिट्ट्या ऐकायच्या आणि काम झालं की आठवणीनं बंद करायचं. कुकर वेळेवर बंद केला नाही तर काय होतं, ते तुम्हांला माहीत आहे. इंटरनेट वेळेवर बंद केलं नाही तर काय होतं, ते मला माहीत आहे. तेच आज सांगणार आहे.

गोष्ट आहे २००० सालच्या मे महिन्यातली. सातवीची परीक्षा देऊन मी आठवीत जाणार होते. आम्ही पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी एका जुन्या तीन मजली इमारतीत राहत होतो. बारा बिऱ्हाडं आणि फोन चौघांकडे. त्यातला एक आमचा. बाबांनी १९८७ साली नंबर लावला होता आणि फोन आला १९९३ साली! आईनं त्याच्यासाठी क्रोशाचं झाकण विणलं, बाबांनी कोपऱ्यात एक छोटं टेबल आणलं आणि दर गुरुवारी आजी त्यालाही पुसून काढायची.

आता हा फोन आमचा म्हणजे नुसता आमचा नव्हे, बरं का. ज्यांच्याकडे फोन नसे, ते ओळखीच्या शेजाऱ्यांचा नंबर नातेवाइकांना देऊन ठेवत आणि पुढे कंसात लिहीत 'पी.पी.'. समोरच्या शिंदेकाकूंचा पी.पी. नंबर म्हणजे आमचा नंबर. शिंदेकाका कारखान्यात रात्रपाळीला असत. काकूंचं माहेर वाईला. तिथून फोन आला की मी जिन्यात जाऊन ओरडायची, "काकूऽऽ, वाईचा फोऽऽन!" आणि काकू पदराला हात पुसत धावत यायच्या.

आमच्याकडे कॉम्प्युटर आला तो आदल्या दिवाळीत. बाबा बँकेत होते, त्यांनी कर्ज काढून हप्त्यांवर घेतला. दादा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. त्याला इंटरनेट हवं होतं. आपल्या देशात सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू झालं १५ ऑगस्ट १९९५ला. विदेश संचार निगम या तेव्हाच्या सरकारी कंपनीनं ते मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या शहरांत आणलं. पुढे १९९८च्या अखेरीला खासगी कंपन्यांनाही परवानगी मिळाली. मग काय, दुकानात वह्या-पेन्सिली मिळाव्यात तसं इंटरनेट पाकिटात मिळायला लागलं! आत एक सीडी, एक नाव आणि एक पासवर्ड. बाबांनी २५ तासांचं पाकीट आणलं. आजी म्हणाली, "पंचवीस तास? मग उद्या याच वेळेला संपेल की!" तिला वाटलं, दूध नासतं तसं ते पडल्यापडल्या संपतं.

कॉम्प्युटर आतल्या खोलीत आणि फोन बाहेरच्या. म्हणून दादानं दहा मीटर वायर आणली आणि भिंतीच्या कडेनं खिळे मारत मारत आत नेली. एका टोकाला फोनची लाइन, दुसऱ्या टोकाला मोडेम. हा मोडेम म्हणजे काय, ते नीट ऐका. कॉम्प्युटरला फक्त ० आणि १ समजतात. आणि टेलिफोनची तार घातलेली असते माणसांच्या आवाजासाठी. साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झपर्यंतचाच आवाज तिच्यातून नीट जातो. मग आकडे पाठवायचे कसे? मोडेम त्या आकड्यांचा आवाज करून तारेत सोडतो आणि पलीकडून आलेल्या आवाजाचे पुन्हा आकडे करतो. मॉड्युलेटर आणि डिमॉड्युलेटर ही दोन्ही कामं करतो, म्हणून त्याचं नाव मोडेम. जोडताना ज्या चित्रविचित्र शिट्ट्या ऐकू यायच्या ना, ते दोन मोडेमचं बोलणं असायचं. 'तुला किती भरभर बोलता येतं? मला इतकं येतं. बरं, मग एवढ्या वेगानं बोलू या.' ठरलं की आवाज बंद. खरं तर बोलणं चालूच असायचं, फक्त मोडेमचा स्पीकर बंद व्हायचा. तेव्हा कुणी बाहेर फोन उचलला तर कानात नुसतं खर्रर्र व्हायचं आणि दादा आतून ओरडायचा, "कोणी उचलला?"

पहिल्या दिवशी मात्र शिट्टीच वाजेना. कॉम्प्युटर सारखा सांगत होता, डायल टोन नाही. आम्ही रिसीव्हर कानाला लावून बघितला, टोन छान येत होता. दोन तास खटपट केल्यावर कळलं, आमच्या लाइनचा टोन त्या मोडेमला ओळखूच येत नव्हता! परदेशी बनावटीचा तो, त्याच्या कानाला आपला सूर नवा. शेवटी 'डायल टोनची वाट बघ' असं जिथं लिहिलं होतं, तिथली खूण दादानं काढून टाकली. आणि वाजली शिट्टी! आजीनं सगळ्यांच्या हातावर साखर ठेवली.

इंटरनेटला दोन बाजूंनी पैसे लागत. पाकिटातले तास संपत ते वेगळे आणि फोनचं बिल वेगळं. बाबांचा हिशेब पक्का होता. दर तीन मिनिटांना एक कॉल धरायचा. म्हणून त्यांनी नियम केला, एका वेळी वीस मिनिटं. त्याच्या वर नाही. पैशांसाठी तर हा नियम होताच, पण बाबा आणखी एक म्हणाले होते. "इंटरनेट चालू असेल तोवर आपला फोन एंगेज असतो. आणि या फोनवर आपल्या एकट्याचा हक्क नाही."

मी मान डोलावली. मान डोलवायला काय लागतं?

त्या शनिवारी आई-बाबा एका लग्नाच्या रिसेप्शनला गेले होते. दादा मित्राकडे. आजी देवापाशी जप करत बसलेली. मला गुरूच्या चंद्रांचे फोटो हवे होते. तेव्हा गॅलिलिओ नावाचं यान गुरूभोवती फिरत होतं आणि युरोपा या चंद्राच्या बर्फाळ, तडे गेलेल्या पृष्ठभागाचे फोटो पाठवत होतं. सुट्टीतल्या चिकटवहीसाठी मला ते हवे होते. बरोबर सात वाजता मी इंटरनेट लावलं.

एका हौशी माणसानं केलेलं ग्रहताऱ्यांचं पान सापडलं. फुकट जागा मिळते तिथं त्यानं ते मांडलेलं होतं. फोटो वरून खाली, एकेक ओळ करत, पडदा सोडावा तसा हळूहळू उतरत होता. आणि फोटोच्या वरती एक लांबट पट्टी लुकलुकायला लागली. लाल, पिवळी, लाल, पिवळी. इंग्रजीत लिहिलं होतं, 'अभिनंदन! या पानाला भेट देणारे तुम्ही दहा लाखावे पाहुणे आहात! बक्षीस घेण्यासाठी इथे दाबा!'

मित्रांनो, खरं सांगा, तुम्ही काय केलं असतंत? मी आजवर संगीतखुर्चीतसुद्धा जिंकले नव्हते. मी दाबलं.

मग एक फॉर्म आला. नाव, वय, पत्ता, फोन नंबर, घरात माणसं किती, वडील काय करतात, पगार किती. मी शाळेतल्या पेपरासारखा व्यवस्थित भरला. आमची इमेल बाबांच्या नावावर होती, तीही दिली. खाली बारीक अक्षरांत पंधरा-वीस ओळी होत्या आणि त्यांच्यापुढे आधीच बरोबरच्या खुणा केलेल्या होत्या. आधीच बरोबर आहे म्हटल्यावर वाचायचं कशाला? फॉर्म संपला की दुसरा फॉर्म. तो संपला की तिसरा. मधेच लाइन तुटली. मी घाईघाईनं परत लावली. बक्षीस जायला नको ना!

आणि मग खिडक्या उघडायला लागल्या. एक बंद केली की दोन उघडायच्या. तुम्ही रक्तबीज राक्षसाची गोष्ट ऐकली आहे ना? त्याच्या रक्ताचा एक थेंब सांडला की त्यातून नवा राक्षस उभा राहायचा. तसंच! एका खिडकीत घड्याळं, एकीत कर्ज, एकीत वजन कमी करायच्या गोळ्या. एका खिडकीत तर चक्क कॉम्प्युटरचीच सूचना होती, 'तुमच्या यंत्रात बिघाड आहे. दुरुस्त करू? हो / नको.' मी घाबरून 'नको' दाबलं, तर आणखी एक जाहिरात उघडली. नंतर दादानं दाखवलं, ती सूचना नव्हतीच. ते सूचनेचं चित्र होतं. 'हो' आणि 'नको' ही बटणंसुद्धा चित्रातलीच. कोपऱ्यातली बंद करायची फुलीदेखील चित्रातलीच. कुठंही दाबा, एकाच ठिकाणी जायचं.

शेवटी घामाघूम होऊन मी फोनची वायरच उपटली आणि बाहेर येऊन परत फोनला लावली. घड्याळात पावणेनऊ वाजले होते.

वायर लावतालावताच फोन वाजला.

"हॅलो, मी वाईहून बोलतोय. शिंदेबाईंचा भाऊ. सात वाजल्यापासून लावतोय फोन, सारखा एंगेज. बूथवरच उभा आहे. आईला दवाखान्यात नेलंय, पोटाचं ऑपरेशन करायचं म्हणतायत रात्रीच. ताईला लगेच पाठवा. आई सारखं तिचं नाव घेतीय." मग एक क्षण थांबून तो म्हणाला, "एवढा वेळ कुणाशी बोलत होता हो?"

मी काय सांगणार होते? मी तर कुणाशीच बोलत नव्हते.

काकूंनी पाच मिनिटांत पिशवी भरली. खालच्या मजल्यावरचे कुलकर्णीकाका त्यांना स्कूटरवरून स्वारगेटला घेऊन गेले आणि तासाभरानं दोघंही परत आले. वाईची शेवटची एसटी सव्वाआठला निघून गेली होती. साताऱ्याच्या गाड्या होत्या, पण त्या हायवेवर सुरूर फाट्याला सोडणार. तिथून पुढे वाईला जायला त्या वेळी काही मिळालं नसतं, आणि रात्रीच्या वेळी बाईमाणसानं एकटीनं फाट्यावर कुठं उभं राहायचं? तोवर आई-बाबाही आले होते. सगळ्यांनी समजावलं. काकू काही बोलल्या नाहीत. पिशवी मांडीवर घेऊन जिन्याच्या पायरीवर बसल्या त्या पहाटेपर्यंत. मी दाराच्या फटीतून तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा तशाच होत्या.

पहाटेच्या पहिल्या एसटीनं काकू गेल्या.

ऑपरेशन नीट झालं. काकूंची आई बरी झाली, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण आठ दिवस मला काही ते माहीत नव्हतं. आठ दिवस मला जेवण गोड लागलं नाही. वाईचा फोन आला असं वाटून मी दचकायची आणि आला नाही म्हणूनही दचकायची.

आठ दिवसांनी काकू आल्या तेव्हा मी पलंगाखाली जाऊन बसले. इतकी मोठी घोडी, आणि पलंगाखाली! काकूंनी वाकून पाहिलं आणि हातातला साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा आत सरकवला. म्हणाल्या, "बाहेर ये गं. बरी आहे आई." मी बाहेर आले. मग त्या हळूच म्हणाल्या, "शुद्धीवर आल्यावर आईनं विचारलं मला, 'रात्री कुठं होतीस?' मी सांगितलं, एसटी चुकली. तुझं नाव नाही घेतलं मी."

त्या मला रागावल्या असत्या तर फार बरं झालं असतं, मित्रांनो. त्यांनी माझं नाव घेतलं नाही, ते मला आजपर्यंत टोचतं. त्या रात्री मीच बाबांना सगळं सांगितलं. फॉर्म, बक्षीस, खिडक्या, सगळं.

एव्हाना बाबांच्या इमेलवर जाहिरातींचा पाऊस सुरू झालेला होता. रोज वीस-वीस पत्रं! घड्याळं, कर्ज आणि त्याच त्या गोळ्या. मला वाटलं, आता धपाटा बसणार. बाबांनी वही काढली. बँकेतला माणूस, दुसरं काय काढणार?

"हे बघ मनू," ते म्हणाले, "आपला मोडेम जोडला जातो सेकंदाला ३२,००० बिटच्या आसपास. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे सेकंदाला किती बाइट?"

"चार हजार," मी म्हटलं.

"एका जाहिरातीचं पत्र चित्रांसकट धर ४० हजार बाइट. ते उतरायला?"

"दहा सेकंद."

"रोज अशी वीस पत्रं."

दोनशे सेकंद! म्हणजे तीन मिनिटं वीस सेकंद. तीन मिनिटांचा एक कॉल संपून वर दुसरा लागलाच. रोजचे दोन कॉल, महिन्याचे साठ. आणि तेवढा वेळ फोन एंगेज.

बाबांनी वही मिटली. "आपल्याला नको असलेली जाहिरात आपल्या घरी आणण्याचं गाडीभाडं आपणच भरतोय. आपण आणि शिंदेकाकू."

त्यानंतर आमच्या घरात जे जे झालं, ते तुम्हांला मुद्दाम सांगते. यांत्रिक भाग बदलला तरी त्यातलं बरंचसं आजही उपयोगाचं आहे.

पहिलं म्हणजे फोनजवळ एक वही आणि गजराचं घड्याळ आलं. किती वाजता लावलं, कशासाठी लावलं, किती वाजता बंद केलं, ते लिहायचं. 'कशासाठी' हा रकाना भरायला लागला की निम्म्या वेळा लावायची गरजच नाही असं लक्षात यायचं. पत्रं आधी लिहून ठेवायची, मग जोडायचं, पाठवायची आणि तोडायचं. एखादं पान वाचायचं असेल तर ते उतरवून घ्यायचं, लाइन सोडायची आणि मग सावकाश वाचत बसायचं.

दुसरं, दादानं ब्राउझरमधली चित्रं बंद करून टाकली. अक्षरं झरझर यायची. जे चित्र हवं असेल तेवढ्याच चौकटीवर दाबून ते मागवायचं. लुकलुकणारी पट्टी म्हणजे नुसती एक रिकामी चौकट झाली.

तिसरं, खिडकी उघडलीच तर तिच्या आतल्या कशालाही हात लावायचा नाही. 'नको'लाही नाही. कीबोर्डवरचं आल्ट दाबून धरायचं आणि एफ-४ दाबायचं. ते बटण जाहिरातवाल्याचं नसतं, आपलं असतं.

चौथं सगळ्यांत मजेदार. इंटरनेटवर प्रत्येक कॉम्प्युटरला एक नंबर असतो, टेलिफोनसारखाच. आपण नाव लिहितो, तेव्हा आपला कॉम्प्युटर त्या नावाचा नंबर बाहेर विचारून आणतो. पण बाहेर विचारण्याआधी तो स्वतःजवळची एक छोटी वही उघडून बघतो. या वहीचं नाव होस्ट्स. आणि १२७.०.०.१ हा नंबर म्हणजे 'मी स्वतः'. दादानं काय केलं, ज्या ठिकाणाहून जाहिराती येत त्यांची नावं त्या वहीत लिहिली आणि प्रत्येकापुढे नंबर टाकला १२७.०.०.१. झालं! पान म्हणायचं, अमक्याकडून जाहिरात आण. कॉम्प्युटर वही बघायचा आणि स्वतःच्याच दारावर टकटक करायचा. आत जाहिरात कुठली असायला? हात हलवत परत!

पाचवं, दोन इमेल केल्या. एक घरच्यांची, ती फॉर्मवर कधीच द्यायची नाही. दुसरी सगळ्या जगासाठी. आणि अनोळखी जाहिरातीच्या पत्राला 'मला पाठवू नका' असंदेखील उत्तर द्यायचं नाही. कारण उत्तर आलं की त्यांना एवढंच कळतं, या घरात माणूस आहे आणि तो पत्रं उघडतो.

आणि त्या दहा लाखाव्या पाहुण्याचं काय झालं, विचाराल. मी दादाला विचारलं. तो म्हणाला, "मीपण होतो की दहा लाखावा. दोनदा."

पुढे मोठी झाल्यावर मी या जाहिरातींची जन्मकथा शोधली. ती लांबट पट्टी पहिल्यांदा दिसली २७ ऑक्टोबर १९९४ रोजी, 'हॉटवायर्ड' या अमेरिकेतल्या मासिकाच्या इंटरनेटवरच्या पानावर. आपोआप उघडणारी खिडकी आली तीही अमेरिकेतच, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात. 'ट्रायपॉड' नावाची कंपनी लोकांना स्वतःची पानं मांडायला फुकट जागा द्यायची. खर्च भागवायला त्या पानांवर जाहिराती लावायची. एका मोटार कंपनीला आपली जाहिरात एका अशोभनीय पानावर दिसली आणि ती चिडली. मग तिथं काम करणाऱ्या ईथन झुकरमन यांनी उपाय काढला. जाहिरात पानावर नकोच, वेगळ्या खिडकीत उघडू दे. कुणाला त्रास द्यायचा त्यांचा हेतू नव्हता. पण ती कल्पना सगळ्यांनी उचलली आणि रक्तबीज जन्माला आला. २०१४ साली झुकरमन यांनी लेख लिहून जगाची माफी मागितली. ते वाचून मला शिंदेकाकूंचा पेढ्यांचा पुडा आठवला. हेतू वाईट नसतानाही माणसाच्या हातून दुसऱ्याची एसटी चुकते, हे मला चांगलंच माहीत होतं.

हळूहळू ब्राउझरमध्येच खिडक्या अडवायची सोय आली. विंडोज एक्सपीत ती २००४ साली आली. मोडेमच्या शिट्ट्या गेल्या, तीन मिनिटांचे कॉल गेले. आता इंटरनेट चालू असताना फोनही चालू राहतो. मग प्रश्न मिटला का?

माझी मुलगी आता सहावीत आहे. परवा ती माझ्या मोबाइलवर शब्दकोडं सोडवत होती. दर कोड्यानंतर तीस सेकंदांची जाहिरात. मी म्हटलं, "थांब, मोजू या." आम्ही बाबांसारखी वही काढली. अर्ध्या तासात बारा जाहिराती. म्हणजे सहा मिनिटं! ती म्हणाली, "पण आई, गेम तर फुकट आहे."

मी तिला तुमच्यासारखीच ही सगळी गोष्ट सांगितली. आमच्या वेळी मीटर पळताना बिलात दिसायचा. आता तो दिसत नाही, एवढाच फरक. पळतो तो आपलाच वेळ. आणि तुम्ही त्या चौकोनात मान घालून बसलेले असता ना, तेव्हा फोन एंगेज नसला तरी तुम्ही एंगेज असता. आजी दोनदा हाक मारते आणि परत जाते. तिला कुणी नाही सांगत, की सात वाजल्यापासून लावतेय.

म्हणून तीन गोष्टी कराल? आधीच केलेली खूण दिसली की थांबा, वाचा, आणि नको असेल तर काढा. घराचा पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख लिहायच्या आधी आई-बाबांना विचारा. २०२३ साली आपल्या संसदेनं केलेल्या माहितीसंरक्षणाच्या कायद्यात अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती लागेल असं म्हटलं आहे, आणि मुलांना हेरून जाहिराती करायला मनाई केली आहे. पण कायदा तुमच्या बोटाशी येऊन बसत नाही, तिथं तुम्हीच असता. आणि तिसरं, एक दिवस वही घेऊन बसा आणि किती जाहिराती बघितल्या ते लिहा. आई-बाबांनाही लिहायला लावा. गंमत येईल, बघाच!

शिंदेकाकू आता बिबवेवाडीला मुलाकडे राहतात. पंचाहत्तरी झाली. त्यांच्याकडे स्वतःचा मोबाइल आहे. गेल्या दिवाळीत फराळाला गेले तेव्हा म्हणाल्या, "अगं, सारखे फोन येतात. कर्ज घ्या, कर्ज घ्या. मला कशाला गं कर्ज?" मी त्यांच्याच मोबाइलवरून १९०९ या नंबरला फोन लावला आणि जाहिरातींचे फोन बंद करण्यासाठी त्यांचा नंबर नोंदवला. तेवढ्यात दुसऱ्या खोलीतून त्यांचा मुलगा म्हणाला, "आई, मावशी फोन करतेय, तुझा एंगेज लागतोय!"

काकू माझ्याकडे बघून हसल्या. मी पटकन फोन ठेवला.